घरात तानपुरा पण आहे आणि मांजर पण, तुम्ही कसं सांभाळता?

दौलतगंजची_लेक

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून लिहितेय. बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज लिहायला बसले कारण घरात सगळे म्हणताहेत की दोघांपैकी एकच ठेव, आणि मला दोन्ही पाहिजेत.

आमचं घर इथल्या लष्कर भागात, जुनं, मधे चौक. मधल्या खोलीत आजीचा तानपुरा असतो. आजी लग्नाआधी माधव संगीत महाविद्यालयात शिकायची, १९१८ मधे भातखंडेबुवांनी इथे सुरू करून दिलेलं ते, आणि तिच्या वडिलांनी तिच्यासाठी हा तानपुरा खास मिरजेहून आणवला होता. आजी गेली तेव्हा तो माझ्याकडे आला. रोज सकाळी ऑफिसच्या आधी तासभर बसते, आधी खर्ज (सगळ्यात खालचा सा) मग एखादा राग, तेवढा एक तास माझा असतो.

भुरी, आमची मांजर, श्रावणात आली. तीन दिवस सलग पाऊस होता, चौकातल्या पन्हळीखाली भिजत बसलेली, लेकीने टॉवेलमधे गुंडाळून आत आणली आणि मग ती गेलीच नाही. आता सहा-सात महिन्यांची असेल. खूप शहाणी आहे हो, ओट्यावर चढत नाही, दुधाला तोंड लावत नाही, पण तिला झोपायला जागा एकच लागते, भिंत आणि तानपुऱ्याचा खालचा गोल भोपळा यांच्या मधली फट. आजीच्या हातची कापूस भरलेली गवसणी (वाद्याचं आवरण) आहे ना, जानेवारीत इथे पारा चार-पाचवर येतो तेव्हा तिला त्याच्याहून ऊबदार जागा घरात दुसरी सापडत नसणार.

गेल्या मंगळवारी पहाटे तीनला धाडकन आवाज झाला. मी उठून पळाले तर तानपुरा आडवा, भुरी पलंगाखाली, आणि एक जोडाची तार (मधल्या दोन तारांपैकी) तुटून अर्धी लोंबतेय. गवसणी काढून पाहिलं तर भोपळ्याला मागच्या बाजूने बोटभर लांब चीर. केसासारखी बारीक आहे पण आहे. मी तिथेच फरशीवर बसून रडले. सकाळी सासूबाई म्हणाल्या की तिला दालबाजारात एखाद्या गोदामात सोडून या, तिथे उंदीर भरपूर, उपाशी नाही राहायची. त्या वाईट बुद्धीने नाही म्हणाल्या, त्यांना माझं रडणं बघवलं नाही. लेक तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीये.

आता विचारायचं हे की ज्यांच्या घरी वाद्यंही आहेत आणि मांजरही, ते वाद्य ठेवतात कुठे आणि कसं? ही चीर बुजेल का, की आवाज गेलाच समजायचा? आणि तिसरी गोष्ट जी घरात कोणाला सांगितली तर हसतील म्हणून इथे विचारते. मी तार छेडायला लागले की भुरी जिथे असेल तिथून येते आणि भोपळ्याला गाल लावून बसते, कधीकधी हनुवटी टेकवून डोळेच मिटते. एवढ्या जवळून तो आवाज तिच्या कानांना त्रास तर देत नसेल ना?

---

डग्गा_तिरकिट (इंदूर)

ताई सगळ्यात आधी, तिला गोदामात सोडू नका. घरात वाढलेलं मांजर बाजारात टिकत नाही, तिथले बोके आणि कुत्रे तिला जगू देणार नाहीत.

मी तबला शिकवतो, घरी आठ-नऊ जोड्या असतात आणि दोन मांजरं, एक तर अकरा वर्षांची. त्यामुळे जे सांगतो ते नुकसान सोसून शिकलेलं आहे. पहिल्या वर्षी माझ्या चांगल्या तबल्याची पुडी (वरचं चामडं) गेली. मांजर झोपायच्या आधी पुढच्या पायांनी मळतं ना, कणीक मळल्यासारखं, ते तिने थेट शाईवर (मधला काळा गोल) केलं, नखं लागून शाईचे कण उडाले आणि मैदानाला, म्हणजे शाईभोवतीच्या चामड्याला, दोन बारीक भोकं. ती रागवून वगैरे करत नाही, पुडी बकरीच्या चामड्याची, तिला वास येतो, वर मऊ गादी, अजून काय पाहिजे तिला.

मग मी काय केलं की प्लायचे गोल कापून घेतले, तबल्याच्या तोंडाहून थोडे मोठे, एका बाजूला फेल्ट चिकटवलं. वाजवून झालं की आधी पुडीवर गादी, वर तो गोल, वर कव्हर आणि नाडी घट्ट. आता ती वर बसली तरी वजन कडेच्या गजऱ्यावर (चामड्याच्या वेणीवर) जातं, शाईवर जात नाही. डग्ग्यालाही तसंच. सुताराने एका दुपारात सगळे कापून दिले.

तानपुऱ्याचं म्हणाल तर तो कोपऱ्यात उभा टेकवून ठेवणं हेच मुळात चूक (माफ करा, पण सगळीकडे तसाच ठेवतात). तो मांजराने पडतो, पोराच्या चेंडूने पडतो, झाडू मारताना पडतो. आडवा ठेवा, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) वर, भोपळ्याखाली जाड चुंबळ आणि दांडीखाली उशी, म्हणजे लोळणार नाही. जागा असेल तर तख्तावर. आणि मुख्य म्हणजे तिला तिथून नुसतं हाकलू नका, तिला त्याच खोलीत दुसरी जागा द्या जी त्याच्याहून बरी असेल. मी जुन्या पेटीचं (हार्मोनियमचं) खोकं आडवं केलं, आत माझा जुना स्वेटर टाकला, झालं, दोन दिवसात तिथे गेली. स्वेटर धुतलेला नको, तुमच्या अंगाचा वास असलेला पाहिजे.

नखांसाठी एक लाकडी खांब, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, उंची निदान अडीच-तीन फूट, तिला पूर्ण ताणून उभं राहता आलं पाहिजे, आणि बूड जड ठेवा, हलला तर ती परत कधी हात लावणार नाही. मांजर झोपून उठलं की पहिलं अंग ताणतं आणि नखं काढतं म्हणून खांब तिच्या झोपायच्या जागेपाशीच ठेवायचा, गॅलरीत ठेवून उपयोग नाही. हे बरेच लोक चुकतात.

---

काळी_पाच

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. मला मांजरं आवडतात, माहेरी कायम होती. पण माझं मत असं की वाद्याच्या खोलीचं दार बंद पाहिजे. रियाज झाला, दार लावलं, कडी घातली, विषय संपला.

माझ्याकडे पेटी आहे, वडिलांची, जर्मन सुरांची (आतल्या पितळी पत्त्यांची), आता तसे सूर मिळत नाहीत. मांजराचे केस इतके बारीक असतात की भात्यातून हवेबरोबर आत खेचले जातात आणि सुराच्या पत्तीत अडकतात. मधेच एखादा स्वर झणझणायला लागतो किंवा बोलतच नाही. मला चार महिने कळलंच नाही, मी समजत होते सूर उतरला. शेवटी पेटी उघडून पाहिली तर कोमल धैवताच्या पत्तीखाली एकच पांढरा केस. पातळ कागदाची पट्टी हळूच पत्तीखालून फिरवून तो काढला, फुंकर मारायची नाही हं, तोंडाची वाफ पितळेला चांगली नाही. आणि भात्याच्या घडीत एकदा लघवी झाली की तो वास जातच नाही, भाता बदलावाच लागतो.

तानपुरा नवा घेता येईल पण आजीचा नवा कुठून आणणार. मांजराला अख्खं घर आहे, एक खोली नाही मिळाली तर तिचं काही अडत नाही.

---

सुरसागर_काठी (बडोदा)

@काळी_पाच, काकू, दार बंद ठेवायचं आम्ही पण करून पाहिलं, आणि बंद खोलीत उंदरांनी पेटीचा भाता खाल्ला. चामडं, खळ, सगळं कुरतडलं. तबल्याच्या शाईत भाताची खळ असते ती पण त्यांना आवडते. मांजर आल्यापासून पाच वर्षात एक लेंडी दिसली नाही घरात. एवढंच सांगायचं होतं.

---

काळी_पाच

उंदरांचं खरं आहे. ते मी धरलंच नव्हतं.

---

मिठी_मांजर (बडोदा)

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून वाद्यांपेक्षा भुरीबद्दल लिहिते, आणि थोडं लांब लिहिते कारण यातल्या दोन गोष्टी जिवावरच्या आहेत.

पहिली, ती तुटलेली तार. ताई, तुकडे मोजलेत का? तार दोन्ही टोकांकडून जुळवून पहा, पूर्ण भरतेय का. आणि जवारीचा दोरा, तारेखाली घालतात तो, तो पण. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, दोऱ्यासारखी वस्तू एकदा जिभेवर गेली की तिला थुंकताच येत नाही, गिळावीच लागते. मग ती आतड्यात अडकते आणि लेंग्याची नाडी ओढली की कापड कसं चुण्या पडून गोळा होतं तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं, फाटू पण शकतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कधीच ओढायचा नाही, तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात दबून बसणं, यातलं काही असेल तर वाट पाहू नका. जुन्या तारा बदलल्या की लगेच डब्यात बंद करून टाकून द्या. सारंगी असलेल्यांनी तर फारच जपायचं, तिची तात बकरीच्या आतड्याचीच असते, मांजराला तो खाऊच वाटतो.

दुसरी, डांबराच्या गोळ्या. आपल्याकडे पेटीच्या खोक्यात, गवसणीत, तबल्याच्या पिशवीत कसर लागू नये म्हणून सर्रास टाकतात. नॅफ्थलीन मांजरांना विषारी आहे, नुसतं तोंड लागलं तरी आणि कोंडलेल्या जागेत वास घेत झोपली तरी. भुरी गवसणीला चिकटून झोपते म्हणून विचारते, आत गोळ्या आहेत का? असतील तर आजच काढा, गवसणी धुवून उन्हात घाला. कापूर पण नको. दर पंधरा दिवसांनी वाद्य उघडून वारं लागू दिलं तर गोळ्यांची गरज पडत नाही. फरशीला फिनाइल लावत असाल तर तेही या खोलीत बंद करा, ती पाय चाटते.

आता कानांचं. याला हसण्यासारखं काय आहे, फार चांगला प्रश्न आहे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६०,००० च्याही वर, म्हणून त्यांना त्रास होतो तो झांजा, स्पीकरची शिट्टी, भांडी आपटणं अशा तीक्ष्ण आवाजांचा. तुमचा खर्ज, काळी चार-पाच या पट्टीत धरला तरी, शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास. मांजराची घुरघुर साधारण २५ ते १५० हर्ट्झमधे असते. म्हणजे तुम्ही खर्ज छेडता तो तिच्या स्वतःच्या घुरघुरीच्याच घरातला आवाज आहे. २०१५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजरांसाठी मुद्दाम घुरघुरीच्या आणि पिल्लं दूध पितात त्या लयीवर संगीत बनवून ऐकवलं होतं, तर माणसांच्या संगीताकडे ढुंकून न बघणारी मांजरं त्या स्पीकरपाशी जाऊन अंग घासत होती. तानपुऱ्यावर असा प्रयोग झालेला माझ्या वाचनात नाही, पण ती स्वतःहून येते, डोळे मिटते, कान पुढे असतात, तर तिला आवडतंय. कान मागे चपटे झाले, शेपटी आपटायला लागली की समजायचं नको झालं. दार मात्र उघडं ठेवा, तिला वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे. आणि ती गाल घासते ना, तिथे तिच्या वासाच्या ग्रंथी असतात, हे माझं आहे असं ती नोंदवून ठेवते.

अजून एक. सहा-सात महिन्यांची आहे म्हणता तर पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्या लवकर. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागतो तशा मांजरी माजावर येतात, मग रात्रभर ओरडणं, पळापळ, आणि पिल्लं व्हायची वेळ आली की अंधारी मऊ जागा शोधते, ती तुमची गवसणीच असेल. ज्यांच्याकडे बोका आहे त्यांनी तर नक्कीच, बहुतेक बोके नंतर लघवीचे फवारे मारणं सोडतात. आणि कधीही आपली जागा सोडून लघवी न करणारं मांजर अचानक पेटीवर लघवी करायला लागलं तर मारू नका, आधी तपासा, खास करून बोका जोर करतोय आणि होत नाहीये असं दिसलं तर त्याच दिवशी, तासातासाने उशीर होतो तिथे.

---

जोडतार

चिरेबद्दल मी सांगतो, आमच्या घरात वाद्यदुरुस्तीचंच काम आहे.

ताई, चीर नेमकी कुठे आहे हे आधी बघा. भोपळ्याच्या पोटावर मागे असेल तर फार घाबरू नका. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात त्या सांध्याजवळ असेल तर मात्र गंभीर, कारण तारांचा सगळा ताण तिथे येतो. दोन्हीत पहिलं काम एकच, तारा उतरवा. एकदम एक पूर्ण सोडू नका, सगळ्या थोड्या थोड्या करून सारख्या सैल करा. मग वाकलेल्या बोटाने चिरेच्या आजूबाजूला हलकेच टकटक करा, निरोगी भोपळा बोलतो, चिरेपाशी खरखर ऐकू आली तर ती आत किती लांब गेलीय ते कळतं. तेवढ्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा, आठवड्याने वाढली का ते दिसेल.

आणि कृपा करून घरी इन्स्टंट ग्लू लावू नका. तो काचेसारखा कडक होतो, भोपळा ऋतूप्रमाणे थोडा फुगतो-आकसतो, ग्वाल्हेरचा जून तुम्हाला माहितीच आहे, पंचेचाळीस डिग्री आणि लू, मग चीर ग्लूच्या शेजारून नव्याने पुढे जाते, आणि नंतर कारागिराला तो ग्लू खरवडताना भोपळाच पातळ होतो. कारागीर सरस (सुतारी गोंद) आणि लाकडाचा बारीक भुसा भरून चीर बुजवतो, लागलं तर तबली उघडून आतून कापडाची पट्टी चिकटवतो, वरून चपड्याचं (लाखेचं) पॉलिश. नीट झालं तर आवाजात काही फरक कळत नाही. मैफिलीत बघता त्यातल्या कितीतरी जुन्या तानपुऱ्यांना असे सांधे असतात.

हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतात खास वाद्यांसाठी पिकवतात, एवढा मोठा आणि सारख्या जाडीचा भोपळा रोज मिळत नाही, म्हणून जुना वाचवणंच चांगलं. २०२४ मधे मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून तिथल्या कारागिरांकडे काम पण वाढलंय, वेळ लागतो. तुमच्याकडे कोणी जाणकार नाहीच मिळाला तर गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट ग्वाल्हेरला येते, कोणीतरी स्वतः बरोबर घेऊन जा, पार्सलने पाठवू नका.

---

दौलतगंजची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार. तीन आठवडे झाले, म्हटलं काय काय झालं ते लिहावं कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढलात.

तार त्याच रात्री जुळवली, पूर्ण भरली, पण दोरा एक कमी होता. माझे पाय गळाले. लेकीने टॉर्च लावून सगळी खोली शोधली, पलंगाखाली फळीच्या फटीत सापडला. आता पानाच्या जुन्या डब्यात दोरे, मणी, तारा सगळं बंद. आणि हो, गवसणीत डांबराच्या गोळ्या होत्या. चार. आजीच्या वेळच्या सवयीने मीच दर दिवाळीत घालत होते. भुरी चार महिने त्याला नाक लावून झोपत होती, त्या रात्री मला झोप नाही लागली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, ठीक आहे म्हणाले.

चीर पोटावरच निघाली, सांध्यापासून लांब. जोडतार दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे खूण केली, वाढली नाही. इथेच एक म्हातारे कारागीर मिळाले, त्यांनी आठ दिवस ठेवून घेतला, तबली उघडावी लागली नाही. परत आणल्यावर मी तारा चढवल्या, जवारी लावायला वेळ लागला, हात थरथरत होते, आणि मग पंचम लागला, जोड लागली, आणि खर्ज छेडला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आहे गं, तोच आहे.

आता तो तख्तावर आडवा असतो, चुंबळ सासूबाईंनी जुन्या नऊवारीची करून दिली. काळी_पाच काकू, तुमचं पण थोडं ऐकलं, रात्री आणि आम्ही बाहेर असू तेव्हा दार बंद. खोकं ठेवलं, माझी शाल टाकली, पहिले चार दिवस भुरीने त्याच्याकडे पाहिलं पण नाही, जुन्या फटीत जाऊन रिकाम्या कोपऱ्यात बसायची, ते बघून फार वाईट वाटायचं. पाचव्या दिवशी आत गेली. काथ्याचा खांब लेकीने आणि तिच्या बाबांनी मिळून केला, त्याचं बूड अजून थोडं डुगडुगतं, डग्गा दादा, खाली किती किलो वजन लावलंत तुम्ही?

ऑपरेशन या गुरुवारी आहे. त्यानंतर आठ दिवस तिला गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर (टाका चाटू नये म्हणून) घालून ठेवायला सांगितलंय, तर मिठी_मांजर ताई, कॉलर घालून ती रियाजाला येऊन बसली तर चालेल ना? त्या प्लास्टिकमधे आवाज घुमून तिच्या कानात मोठा होत असेल असं मला वाटतंय, तसं असेल तर मी ते आठ दिवस तानपुरा वरच्या खोलीत नेऊन बसेन.